अर्धवट डोसाने जंतू नुसते उरत नाहीत, बदलतातही

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत अँटीबायोटिक्सवर आलेला लेख वाचला. मेडिकलमधून दोन-दोन गोळ्या सुट्या नेण्याबद्दल जे लिहिलंय ते तर आपल्या नाशकात रोजचंच आहे, लिहिलंत ते बरं झालं. पण लेखात अर्धीच गोष्ट आली आणि राहिलेली अर्धी जास्त काळजीची आहे म्हणून हे पत्र.

लेखात म्हटलंय की औषध कमी पडलं की कमजोर जंतू मरतात, आधीपासूनच चिवट असलेले उरतात आणि मग तेच वाढतात. हे खरंच आहे. पण कमी पडलेलं औषध एवढ्यावर थांबत नाही, ते मेलेले नाहीत पण ज्यांना मार बसलाय अशा जंतूंमधे म्युटेशनचा (डीएनएत होणाऱ्या बदलांचा) वेगच वाढवतं, म्हणजे चिवट जंतू जे मुळात नव्हतेच ते नव्याने तयार व्हायची शक्यता वाढते.

मी इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधे बरीच वर्षं कल्चरचं काम करते, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघते. रिपोर्टवर औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर, एस म्हणजे औषध लागू पडतंय आणि आर म्हणजे नाही. लघवीच्या इन्फेक्शनमधे ई. कोलाय हा जंतू निघाला की सिप्रोफ्लॉक्सासीनपुढे आर लिहायचं आता इतकं अंगवळणी पडलंय की कधी एस आला तर बरं वाटतं. समोर बसलेला पेशंट विचारतो ताई असं कसं झालं, मी तर हे औषध कधी फारसं घेतलंच नाही, त्याला दोन मिनिटांत काय सांगणार, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडं मागे जावं लागेल. १९४३ मधे साल्वादोर ल्युरिया आणि मॅक्स डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी बऱ्याच नळ्यांमधे ई. कोलाय वेगवेगळे वाढवले आणि मग त्यांना मारणारा व्हायरस त्यांच्यावर सोडला. व्हायरस बघून जंतू बदलत असते तर सगळ्या नळ्यांत साधारण सारखेच वाचले असते, पण झालं भलतंच, काही नळ्यांत एकही वाचला नाही आणि एखाद्या नळीत एकदम शेकड्याने वाचले. म्हणजे बदल आधीच, आपोआप, कधीतरी झालेला होता. पुढची जवळजवळ चाळीस-पंचेचाळीस वर्षं सगळे हेच धरून चालले की म्युटेशन आपल्या ठरलेल्या संथ वेगाने होत राहतं, परिस्थितीशी त्याचा संबंध नाही.

मग १९८८ मधे जॉन केर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅक्टोज (दुधातली साखर) पचवू न शकणारे ई. कोलाय अशा प्लेटवर ठेवले जिथे खायला लॅक्टोजशिवाय काहीच नाही. उपाशी जंतू, वाढ बंद, आणि तरी दिवसामागून दिवस लॅक्टोज पचवणाऱ्या नव्या कॉलनी येतच राहिल्या. केर्न्स म्हणाले की जंतू बहुतेक हवं ते म्युटेशन निवडून करत असावेत, आणि त्यावर शास्त्रज्ञांत प्रचंड वाद झाला. पुढे सुसान रोझेनबर्ग, पॅट्रिशिया फॉस्टर वगैरेंच्या कामातून दिसलं की तसं निवडणं-बिवडणं काही नसतं, उपाशीपणात जंतूच्या ज्या जीन्सचा लॅक्टोजशी संबंध नाही त्यांतही बदल होतात आणि बरेचसे निरुपयोगी किंवा घातक असतात. पण ताण आला की बदलांचा वेग वाढतो ही गोष्ट मात्र टिकली.

हे होतं कसं ते मला स्वतःला फार विलक्षण वाटतं. जंतूच्या पेशीत लेक्स-ए नावाचं एक प्रथिन असतं, ते चाळीसेक जीन्सवर बसून त्यांना बंद ठेवतं. डीएनए तुटला की रेक-ए नावाचं दुसरं प्रथिन त्या उघड्या धाग्यावर जाऊन चिकटतं, त्याच्या संपर्काने लेक्स-ए स्वतःलाच कापून घेतं आणि बंद जीन्स चालू होतात. आधी येतात नीट दुरुस्ती करणारे एन्झाइम, त्यांनी भागलं तर ठीक, नाही भागलं तर शेवटी पोल-फोर, पोल-फाइव्ह असले कॉपी करणारे एन्झाइम कामाला लागतात जे खराब झालेल्या डीएनएवरूनही कॉपी पुढे रेटतात पण चुका करतात. तुमच्याच धंद्यातलं सांगायचं तर गाडी सुटायची वेळ झाली म्हणून प्रूफ न बघता पान छापायला सोडण्यासारखं, पान निघतं पण चुकांसकट. या सगळ्याला मिरोस्लाव राडमान यांनी एसओएस रिस्पॉन्स असं नाव दिलं आणि त्याचा पाया एव्हलिन विटकिन यांच्या कामातून घातला गेला. या बाईंचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं, २०१५ मधे लास्कर पुरस्कार मिळाला तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या.

आता सिप्रोफ्लॉक्सासीन, नॉरफ्लॉक्सासीन ही औषधं काम कशी करतात बघा, जंतूचा डीएनए तोडूनच. पुरेसं औषध असेल तर जंतू मरतो. अपुरं असेल तर तो तुटलेल्या डीएनएसकट जिवंत राहतो आणि एसओएस चालू होतो. जुलाब झाले की मेडिकलमधे जाऊन दादा दोन गोळ्या द्या, एक आत्ता घेतली, बरं वाटलं तर दुसरी डब्यात ठेवली, यातून नेमकं हेच साधतं. २००५ मधे फ्लॉइड रोम्सबर्ग यांच्या गटाने लेक्स-ए कापलंच जाणार नाही असे ई. कोलाय तयार केले आणि उंदरांना त्यांचं इन्फेक्शन देऊन सिप्रोफ्लॉक्सासीन दिलं, त्या जंतूंमधे औषधाला न जुमानणारे प्रकार तयारच झाले नाहीत. म्हणजे जंतूची ही यंत्रणा अडवली तर रेझिस्टन्सही (औषधाला न जुमानणंही) अडतो. आणि २००४ मधेच कॉलराच्या जंतूत दिसलं होतं की सिप्रोफ्लॉक्सासीनने एसओएस चालू झाला की रेझिस्टन्सची जीन्स असलेला डीएनएचा तुकडा शेजारच्या जंतूला देण्याचं प्रमाणही वाढतं, म्हणजे बदल एकात झाला तरी तो त्याच्यापुरता राहत नाही.

यावरून कुणी असं धरू नये की औषध जितके जास्त दिवस तितकं चांगलं. बऱ्याच आजारांत कमी दिवसांचा कोर्स पुरतो हे आता अभ्यासांतून दिसलंय, किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. माझं म्हणणं डोस अपुरा असण्याबद्दल आहे, आणि व्हायरल सर्दी-तापात घेतलेल्या अँटीबायोटिकबद्दल, कारण तिथे या औषधाने मरणारा बॅक्टेरियाच नसतो आणि पोटातल्या बाकीच्या सगळ्या बॅक्टेरियांवर ताण येतो.

दुसरं, याबद्दल आपल्या जिल्ह्यात कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. माझं माहेर सटाण्याकडचं, डाळिंबाचं. तेल्या (डाळिंबावर बॅक्टेरियामुळे येणारा रोग) आला की स्ट्रेप्टोसायक्लीनची फवारणी, हे तिकडे लहान मुलालाही माहीत असतं. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन आहे, दोन्ही माणसाची औषधं, त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन तर टीबीवर मिळालेलं पहिलं अँटीबायोटिक. हे औषध जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे पेशीत प्रथिनं बनतात त्या जागी, बसतं आणि त्याला चुकीची प्रथिनं बनवायला लावतं, आणि ई. कोलायमधे असं आढळलंय की या चुकीच्या प्रथिनांमुळेही म्युटेशन वाढू शकतं. फवारलेलं औषध पानावर जिथे पोचलं तिथे पुरेसं असेलही, पण पावसाने धुवून मातीत गेलं, बांधावरून ओहोळात गेलं की ते पातळ होत जातं, आणि माझी सगळी भीती पातळ औषधाचीच आहे. तेल्याने बाग जाताना बघितलेल्या शेतकऱ्याला फवारू नको म्हणणं सोपं नाही हे मला घरातूनच माहीत आहे, त्याला दोष द्यायला मी लिहीत नाहीये. पण रोगट फांद्या छाटून जाळणं, कात्री निर्जंतुक करणं, रोगमुक्त रोपं आणणं, बहार (फुलं-फळं धरायचा हंगाम) बदलणं हे उपाय कृषी विभाग आणि सोलापूरचं डाळिंब संशोधन केंद्र सांगतं ते आधी आणि नेटाने व्हायला हवेत, दर पावसाला घाबरून पंप उचलणं नको.

गोदावरीचंही तेच. सिप्रोफ्लॉक्सासीनचा बराच मोठा भाग शरीरातून लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो आणि गटारीत जातो. २०२७ च्या सिंहस्थासाठी मलनिस्सारण केंद्रांची कामं चालू आहेत, तिथल्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात अँटीबायोटिकचे अंश किती हे तपासून जाहीर करावं अशी महापालिकेला विनंती आहे, आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, त्यांची मदत घेता येईल.

आणि एक विनंती तुम्हाला. शेतीच्या पानावर फवारणीचा सल्ला छापता त्यात अँटीबायोटिक असेल तर ते माणसाचंही औषध आहे एवढी एक ओळ त्याच्याखाली छापा, आणि आरोग्याच्या पानावर गोळ्यांच्या पाकिटावरची लाल उभी रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही, हे फोटोसकट एकदा द्या. ती रेघ २०१६ पासून सगळ्यांना सांगितली जातेय पण आमच्या लॅबमधे येणाऱ्यांना मी विचारते तेव्हा बहुतेकांना ती कशासाठी आहे ते माहीत नसतं.

आपली,
एक वाचक
इंदिरानगर, नाशिक