संगणकाने काहीही सिद्ध केलेले नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'लुसी झाडावरून पडूनच मेली, संगणकाने केले सिद्ध' हा कालचा मथळा वाचून राहवले नाही. लुसी म्हणजे इथिओपियात सापडलेला, लाखो वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वज मादीचा सांगाडा. रत्नागिरीत २६ वर्षे मी सीटी स्कॅनचे यंत्र चालवले आहे. स्कॅन दाखवतो, सिद्ध करत नाही.

लुसीची हाडे २००८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात दहा दिवस स्कॅन झाली, ३५ हजारांवर काप, म्हणजे हाडांची पातळ छेदचित्रे, निघाले. उजव्या दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेपलेले आहे, हे खरे. पडताना हात टेकल्याने ते चेपले, हा त्याच विद्यापीठातल्या जॉन कॅपलमन यांच्या चमूने २०१६ मध्ये काढलेला निष्कर्ष. लुसी शोधणारे डोनाल्ड जोहानसन यांना तो मान्य नाही, जीवाश्मांचे अभ्यासक टिम व्हाइट यांनाही नाही. जमिनीत दबलेल्या इतर प्राण्यांच्या हाडांनाही अशा भेगा पडतात, असे ते म्हणतात. लेखात याचा उल्लेखही नसावा?

दर मे महिन्यात आंब्याच्या कलमावरून पडलेले गडी आमच्याकडे यायचे. हात टेकून पडले की दंडाचे हाड असेच चेपते, म्हणून कॅपलमन यांचे म्हणणे मला पटण्यासारखे वाटते. पण एका वर्षीचा लांज्याकडचा पोरगा विसरत नाही. आंबे काढायची घळ भावाच्या हातात तशीच होती. मी थ्रीडी चित्र काढले. गुळगुळीत, कुठे चीर नाही. भावाने पडद्याचा मोबाइलवर फोटो घेतला, 'हाड शाबूत हाय' म्हणाला आणि रिपोर्टला न थांबता त्याला घेऊन गेला. चीर होती, केसाएवढी, पातळ कापांत स्वच्छ दिसत होती. थ्रीडीत संगणकाने ती पुसली होती. तीन आठवड्यांनी आला तेव्हा हाड सरकले होते, हात खांद्यावर जाईना. ते चित्र मी त्यांना दाखवायलाच नको होते.

म्हणून रंगीत चित्रालाच पुरावा म्हटलेले मला सहन होत नाही. तुम्ही छापलेली अख्खी कवटी तर लुसीची नव्हेच. तिच्या कवटीचे मोजके तुकडेच सापडलेत, बाकी भरून काढलेले. चित्राखाली तशी एक ओळही नाही. विज्ञानाचे पान आधीच पंधरवड्यातून एकदा येते आणि निम्मे सराफांच्या जाहिरातीत जाते. उरलेल्या जागेत तरी नीट छापा.

खुलासा त्याच पानावर यावा. लुसीच्या खांद्याच्या आणि गुडघ्याच्या हाडांच्या थ्रीडी फाइल्स इथिओपियाच्या संमतीने सर्वांसाठी खुल्या केलेल्या आहेत, हेही त्यात लिहा. शाळेतल्या मुलांना ते हाड स्वतः फिरवून बघता येईल.

आपला,
एक निवृत्त सीटी टेक्निशियन, रत्नागिरी