होकार देण्याआधी

देवळी, जि. वर्धा
डिसेंबर २०२५

प्रिय शोभा,

तुझा परवाचा लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून सवडीने लिहायला बसले. कापसाच्या गाड्यांचा हंगाम ऐन भरात आहे, रात्रीशिवाय वेळ मिळत नाही.

तू लिहिलंस, "बैठकीत सगळे माझ्याकडे बघतात आणि वाटतं, आता यांना कळणार की बाईला यातलं काही समजत नाही." आणि पुढच्याच ओळीत, तुमच्या पतसंस्थेसाठी कर्जाची छाननी करणारं ते एआय सॉफ्टवेअर घ्यायचं जवळपास ठरलंय, असं. या दोन ओळी शेजारी-शेजारी पाहून मला काळजी वाटली. तुझा होकार पटलेला कमी आणि संकोचापोटी दिलेला जास्त आहे, असं मला दिसतं.

तुला जे होतंय ते नवीन नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार बायकांबद्दल हेच मांडलं होतं. काम चोख, लोक मान देतात, तरी आतून सतत धास्ती की आपण इथे चुकून आलोय आणि एक दिवस उघडे पडू. पण एआयच्या बाबतीत ही धास्ती जास्त महाग पडते, शोभा. आपल्याला मशीनबद्दल शंका येते आणि आपण ती स्वतःच्या खात्यात टाकतो. "हे बरोबर चालेल का?" हा प्रश्न तोंडात येईपर्यंत "मलाच कळत नसेल" असा होतो, आणि मग आपण विचारतच नाही. समोरचा विकणारा तेवढ्या वेळात पुढच्या स्लाइडवर गेलेला असतो.

तुला काय कळतं ते मी सांगते. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यात नोव्हेंबरपासून कापसाचे पैसे येतात, मग थोडे तुरीचे, आणि पुढे कित्येक महिने खडखडाट. दर महिन्याची जमा पाहून गुण देणारं सॉफ्टवेअर त्याला नादार ठरवील. आणि सातबारावर नाव नसलेल्या बायकांचं काय? ते सॉफ्टवेअर तुमच्याच जुन्या कर्जांवरून शिकणार. ज्यांना आपण आजवर कर्ज फारसं दिलंच नाही, त्यांच्याबद्दल ते काय शिकेल? हे प्रश्न सॉफ्टवेअर विकायला आलेल्या त्या शहरातल्या पोराला सुचणार नाहीत. तुला सुचतात, कारण वसुलीसाठी तू त्यांच्या अंगणात बसलेली आहेस. रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये एआयवर अहवाल दिला, त्यातल्या सात सूत्रांपैकी एक हेच आहे की माणूस आधी, अंतिम निर्णय माणसाचा. तुमची पतसंस्था त्यांच्या अखत्यारीत येत नाही, पण संचालकांसमोर ठेवायला हा आधार चांगला आहे.

आता आमच्या जिनिंग कारखान्याचं सांगते. यंदा काट्याजवळ कॅमेरा बसवलाय. कापसाचा फोटो घेतो, रंग आणि कचरा पाहून प्रत सांगतो. आमचे ग्रेडर मामा कापूस हाताळत म्हातारे झाले. गाडी आली की ते ढिगात कोपरापर्यंत हात घालतात, तळातला पुंजका ओढून काढतात, धागा बोटांत ताणून बघतात आणि सरकी दाताखाली फोडतात. कट्ट आवाज आला तर कोरडी, मऊ दबली तर ओल आहे. १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला की सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर हमीभावाने घेत नाहीत. लांब धाग्याला यंदाच्या २०२५-२६ हंगामात क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव आहे, त्यामुळे एकेका टक्क्यावर वाद होतात.

कॅमेरा बसला आणि मामा गप्प झाले. डबा एकटेच खायला लागले. मला आधी वाटलं, नोकरीची भीती असेल. शेजारी जाऊन बसले तेव्हा कळलं, तसं नव्हतं. बसवायला आलेल्या इंजिनिअरने सगळ्या हमालांसमोर त्यांना स्क्रीन दाखवून म्हटलं होतं, "आता अंदाज करायची गरज नाही." त्यांच्या उभ्या आयुष्याला तो अंदाज म्हणाला! मामा मला एवढंच म्हणाले, "मॅडम, थो कॅमेरा वरचंच पायते. आतमंदी हात कोन घालन?"

बरोबर होतं त्यांचं. वरून कोरडा आणि पोटात ओला कापूस कॅमेऱ्याला कसा दिसणार? दुसऱ्या दिवसापासून एक वही सुरू केली. कॅमेऱ्याने काय प्रत सांगितली, मामांनी काय सांगितली, आणि जिनमधून सरकी वेगळी होऊन रुईचा उतारा प्रत्यक्षात किती आला. वही मामांच्याच ताब्यात आहे. कचऱ्याच्या बाबतीत कॅमेरा बरेचदा त्यांच्यापेक्षा नेमका निघतो, हे आता ते स्वतः सांगतात. ओलीच्या बाबतीत अजून कोणी त्यांचा हात धरत नाही.

भावनिक बुद्धिमत्तेवर तुमच्याकडे प्रशिक्षण झालं म्हणालीस. सॅलोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ती कल्पना मांडली तेव्हा आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्यांत फरक करणं आणि त्याचा विचारात नि वागण्यात उपयोग करणं, असं म्हटलं होतं. आपल्याकडच्या शिबिरांत मात्र कर्मचाऱ्यांशी गोड बोलण्यावरच वेळ जातो. तू आधी स्वतःची शरम ओळख. बैठकीत कान गरम झाले, "हो हो, समजलं" असं तोंडातून निघायला लागलं, की तिथेच थांब आणि म्हण, "हे मला पुन्हा सांगा, आपल्या गावातल्या एका खातेदाराचं उदाहरण घेऊन." त्यांना सांगता आलं नाही तर उणेपण तुझं नाही.

आणि तुमचे ते जुने वसुली अधिकारी, जे बैठकीत मान खाली घालून बसतात म्हणालीस, त्यांना एकटं गाठून विचार की नक्की काय लागलंय. तू स्वतः घाबरलेली असल्यामुळे त्यांचं गप्प राहणं तुला विरोध वाटतोय. मला तसं वाटत नाही.

सही करण्याआधी गेल्या हंगामातली जुनी प्रकरणं, फिटलेली आणि थकलेली दोन्ही, नावं काढून त्या कंपनीला दे. निकाल न सांगता. त्यांचं सॉफ्टवेअर काय म्हणतं ते वसुली अधिकाऱ्यांच्या मताशेजारी मांड. कंपनी नाही म्हणाली तर संचालकांना तेवढंच सांगितलं तरी पुरेल.

प्रकरणं निवडायला मी येते. रविवारी जिनिंग बंद असते, सकाळच्या एसटीने निघेन. आईंचा गुडघा आता कसा आहे ते कळव, आणि संचालकांची बैठक पुढे ढकलता येते का, ते उद्याच विचारून घे.

तुझी,
मंदा