चपलांच्या व्यवसायाचे संकेतस्थळ उभारू पाहणाऱ्या मित्रास

पुणे,
१० जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा संकेतस्थळ बनवणाऱ्या एजन्सीचा प्रस्ताव, दोन्ही सावकाश वाचले. उघडताच पडदाभर चालणारी चित्रफीत, बोटाने फिरवता येणारी त्रिमितीय चप्पल, ग्राहकांशी बोलणारा चॅटबॉट आणि दर महिन्याला कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले लेख, असे सगळे त्यात आहे. यांपैकी खरोखर आवश्यक काय, असे तू विचारले आहेस. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या घरात कोल्हापुरी चपलेविषयी जे ज्ञान आहे, ते तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, साध्या मजकुरात आणि खऱ्या छायाचित्रांसह मांडणे ही आज तुला करता येण्याजोगी सर्वांत मोलाची गुंतवणूक आहे. प्रस्तावात नेमकी तिच्यासाठीच जागा ठेवलेली नाही.

आताच हे करावे असे मी का म्हणतो, ते तुला वेगळे सांगायला नको. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने आपल्या चपलांसारखीच पादत्राणे दाखवली, आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही, आणि त्यावर झालेल्या वादामुळे जगभरच्या लोकांनी ‘कोल्हापुरी’ हा शब्द शोधायला सुरुवात केली. पुढे त्या कंपनीने भारतीय मूळ मान्य केले आणि गेल्या डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. आता कुतूहलाने शोधणाऱ्या माणसाला नेमके काय सापडते, ते तू स्वतः एकदा पाहा. बाजारपेठी संकेतस्थळांवरच्या रेक्झिनच्या नकला आणि एकमेकांवरून उतरवलेले लेख यांचीच तेथे गर्दी आहे. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांसाठी आहे, त्यांपैकी कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे चार महाराष्ट्रातले आणि उरलेले चार कर्नाटकातले, एवढी साधी गोष्टही फारशी कोणी नीट सांगत नाही. कोल्हापूरच्या सुभाषनगरात बसून जी माणसे हे काम करतात, त्यांचा स्वतःचा शब्द तर जवळजवळ कोठेच नाही.

शोधण्याची रीतही याच सुमारास बदलली आहे. पूर्वी गूगल दहा दुवे देत असे आणि ग्राहक त्यांतला एखादा उघडत असे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही अनेक प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून दुव्यांच्या वर दाखवली जातात, आणि बरेच लोक चॅटजीपीटीसारख्या साधनालाच विचारतात की अस्सल कोल्हापुरी कशी ओळखावी, पावसात वापरली तर काय होईल, पाय रुंद असेल तर कोणता नमुना घ्यावा. अशी उत्तरे कोणाच्या तरी पानांवरूनच जुळवली जातात. यामुळे काही व्यवसायांकडे येणारी वर्दळ घटते, आणि ती चिंता खोटी नाही. परंतु ज्याच्याकडे दुसरीकडे न मिळणारी माहिती आहे, त्याचा आधार घेतला जाण्याची शक्यता अधिक असते, आणि नाव व दुवा पाहून जो ग्राहक येतो तो बहुधा घ्यायचे ठरवूनच येतो. हमी मात्र याची कोणीही देऊ शकत नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरांत तुमचे नाव पहिले आणून देतो’ हे प्रस्तावातले वाक्य वाचून मला राग आला.

म्हणून लिहायचे काय, याविषयी जरा विस्ताराने सांगतो. गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या गुणवत्ता-परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष घातला. मार्च २०२४ मध्ये, केवळ शोधात वरचा क्रमांक मिळवण्यासाठी घाऊक प्रमाणात पाने तयार करणे हा स्पष्टपणे नियमभंग ठरवला, मग ती यंत्राने लिहिलेली असोत वा माणसाने. एजन्सीचे ते मासिक लेख या दुसऱ्या नियमाच्या फार जवळ जातात, आणि तुझ्या बाबांचे ज्ञान पहिल्या निकषात तंतोतंत बसते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावले की ते रासायनिक कातड्यापेक्षा हाताला कसे वेगळे लागते. खिळा न मारता चामड्याच्या वादीने तळ कसा शिवतात. कापशी नमुन्याच्या चपलेचे कान आणि वेणी यांची ठेवण कशी असते. करकर वाजणाऱ्या चपलेत आवाज काढणारा ‘विंचू’ कोठे बसवतात. नवी चप्पल पायाला लागत असेल तर घरी काय करावे, हे सारे बाबांना बोलते कर, ध्वनिमुद्रित कर आणि त्यांच्याच शब्दांत उतरव. त्यांच्या वाक्यांना प्रमाण भाषेचा मुलामा देण्याची गरज नाही. प्रत्येक प्रश्नाला एक स्वतंत्र पान दे, आणि उत्तर पहिल्या परिच्छेदातच येऊ दे, कारण वाचणाऱ्या माणसालाही तेच सोयीचे असते.

छायाचित्रांच्या बाबतीत मी अधिकच आग्रही आहे. यंत्राने बनवलेल्या चपलेच्या चित्रांत पट्टे भलतीकडे जातात, शिवणीचे टाके अशक्य जागी असतात, आणि ते चित्र पाहून पैसे भरणाऱ्या माणसाच्या हाती दुसरीच वस्तू पडते. अस्सलपणा हाच ज्या व्यवसायाचा प्राण आहे, त्याने असे एकही चित्र लावू नये. खिडकीच्या उजेडात, करड्या कापडावर, मोबाईलने काढलेली वरून, बाजूने आणि तळाची छायाचित्रे पुरेशी आहेत. चित्रफीत हवीच असेल तर कारागिराच्या हातांची अर्ध्या-एक मिनिटाची असू दे, आणि ती ग्राहकाने दाबल्यावरच सुरू होऊ दे.

आता मांडणीकडे वळतो. वेब डिझायनर एथन मार्कोट यांनी २०१० मध्ये पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या संकेतस्थळाची कल्पना मांडली, तेव्हा मोबाईलची आवृत्ती ही संगणकावरच्या पानाचे धाकटे भावंड समजली जात असे. गूगलने २०२३ पर्यंत जवळजवळ सर्व संकेतस्थळे मोबाईलवर दिसतात तशीच वाचायला सुरुवात केली. तुझा ग्राहक कराडच्या स्थानकावर बसून, मध्यम प्रतीच्या फोनवर तुझे पान उघडेल असेच धरून चाल. गूगलच्या मोजपट्टीप्रमाणे पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. मार्च २०२४ पासून आणखी एक माप धरले जाते: बोट लावल्यापासून पडद्यावर प्रतिसाद उमटेपर्यंत दोनशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ जाऊ नये. पडदाभर चित्रफीत आणि त्रिमितीय चप्पल ही या दोन्ही मापांची शत्रू आहेत. मोठ्या कंपन्या ती लावतात, कारण त्यांच्याकडे ती हलकी करणारी माणसे कायम पगारावर असतात. तुझ्याकडे छायाचित्रे वेबपी या हलक्या स्वरूपात, योग्य मापात आणि आधीच जागा राखून ठेवलेली असली, म्हणजे मजकूर वाचताना पान खालीवर उडी मारणार नाही. मजकूरही सर्व्हरवरूनच तयार होऊन यायला हवा, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी पाने गोळा करणारी अनेक साधने जावास्क्रिप्ट, म्हणजे ग्राहकाच्या फोनवर चालून मजकूर उभा करणारी आज्ञावली, चालवून पाहत नाहीत, आणि त्यांना ते पान कोरेच दिसते.

देवनागरीचा प्रश्न आपल्याकडचे बहुतेक डिझायनर शेवटच्या दिवसावर टाकतात, म्हणून तो आताच मांडून ठेवतो. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाईल रोमनपेक्षा बरीच मोठी होते; चार-चार वजने, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे प्रकार, चढवली की पान रेंगाळते. मुंबईच्या एक टाईप या संस्थेने घडवलेला ‘मुक्ता’ मोफत आहे, वाचायला स्वच्छ आहे, आणि त्याची दोन वजने तुला पुरतील. रोमनसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर देवनागरीला अपुरे पडते, वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात, तेव्हा ते वाढवून घे. मराठी आणि इंग्रजीची पाने वेगवेगळ्या पत्त्यांवर ठेव. मराठी पान यंत्राने भाषांतरित केलेले नसावे, ते मराठीतच लिहिले जावे. आणि भाव, मापे, धुण्या-पुसण्याच्या सूचना कधीही चित्रात कोरू नकोस. चित्रातला मजकूर शोधयंत्रालाही नीट वाचता येत नाही आणि दृष्टिहीन ग्राहकाच्या वाचकप्रणालीलाही नाही. एजन्सीने सुचवलेली बदामी पार्श्वभूमीवरची फिकट तपकिरी अक्षरे सुंदर दिसतात, पण ती वयस्कर माणसाला उन्हात दिसणार नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तेव्हा ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही.

‘फक्त दोनच जोड शिल्लक’ अशी खोटी पाटी आणि उलटे मोजणारे घड्याळ यांना मात्र ठाम नकार दे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या रचनांना मनाई केली आहे, आणि खोटी घाई लावणे त्यांत पहिल्याच ओळीत येते. त्याऐवजी ‘हा जोड मागणीनंतर बनतो, पंधरा दिवस लागतील’ हे खरे वाक्य लिही. परत येणाऱ्या जोडांचे मुख्य कारण माप हेच असते, तेव्हा कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखणी कशी करावी, लांबी आणि रुंदी कोठून कोठे मोजावी, याचे एक पान चित्रांसह कर. त्रिमितीय चपलेवर जो खर्च होणार होता, त्याच्या अल्पांशात हे होईल आणि उपयोग अनेक पटींनी अधिक होईल.

इन्स्टाग्राम सोड असे मी म्हणत नाही. तुमच्या कामाइतके रीलला साजेसे काम थोडेच असेल, आणि जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट शोधयंत्रांतही दिसू लागल्या आहेत, म्हणून प्रत्येक रीलखाली नमुन्याचे नाव आणि गाव नीट लिहीत जा. पण ती जागा भाड्याची आहे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा केवळ त्यावरच उभे असलेल्या लहान व्यावसायिकांचा ग्राहकवर्ग एका रात्रीत हरवला. म्हणून रीलवरून येणारा माणूस तुझ्या पानावर यावा, तेथून व्हॉट्सॲप बिझनेसवर बोलावा, आणि त्याची संमती असेल तरच त्याचा क्रमांक तुझ्या वहीत नोंदला जावा. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि गेल्या नोव्हेंबरात अधिसूचित झालेले त्याचे नियम यांची दिशा हीच आहे. संदेशही मोजकेच पाठव. सणाला एक, नवा नमुना आला तर एक.

चॅटबॉट सध्या नको. मापाविषयी विचारणाऱ्या माणसाला वहिनी ज्या आपुलकीने उत्तर देतात, ती तुमच्या दुकानाची खरी ताकद आहे. त्यांना वारंवार येणारे प्रश्न मात्र लिहून ठेवायला सांग, कारण पुढची पाने त्यांतूनच तयार होतील.

एजन्सीशी करार करण्यापूर्वी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, तुझ्याच नावावर नोंदले जाईल, आणि गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलवरची दुकानाची नोंद) व सर्च कन्सोल (संकेतस्थळ शोधात कसे दिसते ते दाखवणारे साधन) यांचे मालकीहक्क तुझ्याच ईमेलवर राहतील, हे लेखी घे. बाबांचे ध्वनिमुद्रण आणि पहिल्या पाच नमुन्यांची छायाचित्रे, प्रत्येकाच्या मापांसह, संक्रांतीनंतर मला पाठव. मजकुराची मांडणी मी करून देतो, त्याचे पैसे विचारू नकोस. फेब्रुवारीत कोल्हापूरला येईन तेव्हा चप्पल लाईनवरच्या दुकानात बसून दोन-तीन ग्राहकांना त्यांच्याच फोनवर पान उघडायला लावू, आणि ते कोठे अडखळतात ते पाहून मगच ते सर्वांसाठी खुले करू.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
जिवलग मित्र