श्लेंडरहानच्या घोड्या

कोलोन, १४ मे

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. इंग्लंड, आयर्लंड आणि अमेरिका यांच्यासमोर जर्मनीतील थरोब्रेडची, म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्यांची, पैदास ती केवढी, आणि तिचे मी एवढे कौतुक का करतो, असे तू विचारले आहेस. पैदास लहान आहे हे खरेच. या देशात वर्षाला जन्मणारी थरोब्रेड शिंगरे हजाराच्याही आत असतात. तरीही जगातल्या उत्तमोत्तम घोड्यांच्या वंशावळीत आईच्या बाजूने मागे मागे गेलो की कोलोनच्या पश्चिमेला, बेर्गहाइम गावाजवळच्या एका स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांच्या पैदास केंद्रावर, आपण पुन्हा पुन्हा येऊन पोहोचतो. त्या फार्मचे नाव श्लेंडरहान. आज त्याच्याविषयीच लिहितो.

कोलोनमधील ओपनहाइम या बँकर घराण्यातील एडुआर्ड फॉन ओपनहाइम यांनी १८६९ मध्ये हा फार्म सुरू केला. खाजगी मालकीचा जर्मनीतील सर्वांत जुना थरोब्रेड फार्म तो हाच. हँबुर्गची डर्बी, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांची जर्मनीतील सर्वांत मानाची शर्यत, तीही त्याच वर्षी सुरू झाली. पण ती जिंकण्यासाठी श्लेंडरहानला १९०८ पर्यंत थांबावे लागले. सरकारी फार्मकडे राजाश्रय होता आणि परदेशातून महागडे स्टॅलियन (पैदाशीचे नर) आणण्याची ऐपत होती. ओपनहाइम घराण्याकडेही पैसा होता, परंतु त्यांच्या धोरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे: चांगली घोडी हाती लागली की तिच्या मुली, नाती आणि पणती शक्यतो घरीच ठेवायच्या, आणि नर मात्र गरजेप्रमाणे बाहेरून आणायचा.

इथली नावे ठेवण्याची पद्धत या विचाराला साजेशी आहे. शिंगराचे नाव आईच्या नावाच्या आद्याक्षरावरून ठेवायचे, असा जर्मनीत रिवाज आहे, त्यामुळे रेसबुक हातात घेतले की घोडा कोणत्या घराण्यातला याचा अंदाज नुसत्या नावावरून बांधता येतो. इथल्या, कोलोनच्या वाइडनपेश रेसकोर्सवर माझ्या शेजारी उभी असलेली वयस्कर मंडळी घोड्याच्या बापाविषयी फारसे बोलत नाहीत. अमक्या अक्षराच्या घराण्यातली ही घोडी आहे, असेच एकमेकांना सांगतात.

दोन महायुद्धांच्या मधला काळ श्लेंडरहानच्या वैभवाचा. १९२४ मध्ये जन्मलेल्या ऑलिअँडरने बाडनची मोठी शर्यत १९२७, १९२८ आणि १९२९ अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकली आणि १९२९ मध्ये पॅरिसच्या आर्क या युरोपातील अत्यंत मानाच्या शर्यतीत तिसरा क्रमांक मिळवला. लहानपणीच त्याचे कटीचे हाड मोडले होते. अशी दुखापत झालेला घोडा सहसा वाचवत नाहीत. याला वाचवले, आणि पुढे नऊ वेळा तो जर्मनीतील अव्वल स्टॅलियन ठरला. त्यानंतर आली श्वार्झगोल्ड. १९४० च्या डर्बीत या घोडीने सगळ्या नरांना मागे टाकले आणि तब्बल दहा लेंग्थने (दहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने) शर्यत जिंकली. जर्मन भूमीवर तिच्यासारखी घोडी झाली नाही, असे मानणारे लोक आजही भेटतात.

मात्र १९४० हे साल उच्चारले की पुढचेही सांगावे लागते. ओपनहाइम घराण्याचे मूळ ज्यू होते. नाझी राजवटीत १९३८ साली त्यांच्या बँकेला आपले नाव बदलावे लागले आणि १९४२ मध्ये फार्मही त्यांच्या हातून हिसकावून घेतला गेला. इतरांच्या वाट्याला याहून भयंकर आले. वाल्डफ्रीड या नामांकित फार्मचे एक मालक, रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉन वाइनबेर्ग, १९४३ मध्ये थेरेसिएनश्टाटच्या छावणीत मरण पावले. जर्मन रेसिंगचा पाया घालणाऱ्यांत ज्यू घराणी किती होती हे पाहिले, आणि शर्यती मात्र त्याच रेसकोर्सवर, तशाच गर्दीत चालू राहिल्या हे वाचले की मन विषण्ण होते. घोड्यांच्या इतिहासात हे प्रकरण एका ओळीत उरकण्याची पद्धत मला मान्य नाही.

युद्धानंतर फार्म घराण्याला परत मिळाला आणि १९४९ ची डर्बी श्लेंडरहानच्याच अस्टरब्ल्यूटे या घोडीने जिंकली. तिचा बाप फारिस हा फ्रान्सचा घोडा. १९४० मध्ये जर्मनांनी तो मार्सेल बुसाक यांच्या फार्मवरून उचलून आणला होता. ज्यांचे घर लुटले गेले त्यांच्याच पुढच्या भरभराटीत दुसऱ्याच्या लुटीचा असा अंश मिसळला, आणि घोडीच्या रक्तातून तो वेगळा काढता येण्यासारखा नव्हता.

आता तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर. अस्टरब्ल्यूटेची मुलगी अलामेडा, तिची अल्मिरा, तिची अनातेव्का. अल्मिराचा बाप बिर्कहान हाही सांगण्याजोगा घोडा: रशियनांच्या ताब्यातील पूर्व भागातून येऊन त्याने १९४८ ची डर्बी जिंकली आणि उतारवयात तो श्लेंडरहानला आला. अनातेव्काला लोंबार्डपासून दोन मुली झाल्या, आलेग्रेट्टा आणि आल्या. आलेग्रेट्टा इंग्लंडमध्ये धावली, पण तिच्याकडून फार मोठे काही घडले नाही, आणि पुढे ती अमेरिकेत विकली गेली. तिथे १९८९ मध्ये तिला झालेली मुलगी म्हणजे अर्बन सी. (परदेशात जन्मल्यामुळे आद्याक्षराचा धागा इथे तुटला.) अर्बन सीने १९९३ ची आर्क जिंकली, पण तिची खरी थोरवी तिच्या मुलांत दिसली. २००१ च्या इंग्लिश डर्बीचा विजेता गॅलिलिओ तिचा मुलगा, आणि २००९ मध्ये टू थाउजंड गिनीज, डर्बी व आर्क या तिन्ही शर्यती एकाच हंगामात जिंकणारा सी द स्टार्स हाही तिचाच. चौदापैकी चौदा शर्यती जिंकणारा फ्रँकेल हा गॅलिलिओचा मुलगा. श्वार्झगोल्डच्या घराण्यातील सायोनारा इंग्लंडला गेली आणि तिच्या स्लिप अँकरने १९८५ ची इंग्लिश डर्बी पहिल्यापासून पुढे राहून सात लेंग्थने मारली.

आलेग्रेट्टासारखी घोडी हातची गेली म्हणून श्लेंडरहानच्या लोकांना दोष देणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. कोणताही फार्म सगळ्या मुली ठेवू शकत नाही. विकलेल्या घोड्यांच्या पैशावरच राहिलेल्यांचा चारा निघतो. शिवाय थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडीला अकरा महिने गाभ राहतो, म्हणजे वर्षाला एकच शिंगरू. एखादी घोडी आई म्हणून कशी निघाली हे कळायला आठ-दहा वर्षे सहज जातात, आणि निर्णय त्याआधीच घ्यावा लागतो.

शिवाय दुसरी बहीण, आल्या, घरीच राहिली होती. तिची मुलगी आयाना, आणि आयानाचा आडलरफ्लूग. त्याने २००७ ची डर्बी जिंकली. स्टॅलियन म्हणून बरीच वर्षे त्याला कोणी फारसे विचारले नाही, कारण त्याची मुले सावकाश तयार होणारी, लांब पल्ल्याची, आणि बाजाराला हवे असतात ते दोन वर्षांचे असतानाच पळणारे घोडे. मधल्या काळात घराण्याची बँकही गेली, ती डॉइच बँकेने घेतली. पण फार्म घराण्यातल्याच फॉन उलमान कुटुंबाने टिकवला. २०२० मध्ये श्लेंडरहानच्याच इन स्वूपने हँबुर्गची डर्बी मारली आणि त्याच वर्षी आर्कमध्ये दुसरा क्रमांक पटकावला. हा आडलरफ्लूगचाच मुलगा. लोक त्याच्याकडे वळू लागले तोच, एप्रिल २०२१ मध्ये, आडलरफ्लूग मेला.

त्याच ऑक्टोबरात आर्कमध्ये टोरक्वाटोर टासो हा त्याचा दुसरा मुलगा बहात्तरास एक भावाने उतरला आणि जिंकला. तिसरा आणि चौथा आला तो हरिकेन लेन आणि अदायार, दोघेही फ्रँकेलची मुले. विकलेल्या बहिणीचे खापरपणतू आणि ठेवलेल्या बहिणीचा पणतू पॅरिसच्या लाँगशाँ रेसकोर्सच्या शेवटच्या सरळीत एकमेकांशी झुंजले, आणि घरी राहिलेलीचा पुढे गेला. त्या शर्यतीचे चित्रीकरण मी अजूनही काढून पाहतो.

पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर घोड्यांच्या आईकडच्या पिढ्यांचा असाच माग ठेवतात का, हे तुझ्या ओळखीच्या लोकांना विचारून मला अवश्य कळव. एखादे जुने घराणे चार-पाच पिढ्या एकाच फार्मवर टिकलेले असेल, तर त्याविषयी सविस्तर लिही.

वहिनींना सप्रेम नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा,
श्रीधर