मला फ्री किक कळत नव्हती, तरी मी ओरडलो

मा. संपादक,
स.न.

कालच्या अंकातला ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या वर्णद्वेषावरचा लेख वाचला. सिडनी क्लबचा आदिवासी खेळाडू ॲडम गुड्स याची मैदानामैदानांवर जी हुर्यो उडवली गेली ती 'त्याच्या खेळण्याच्या पद्धतीमुळे', कारण तो म्हणे फ्री किक मिळवायला मुद्दाम पडायचा, असं लेखकमहाशयांचं मत. ते कधी त्या गर्दीत बसले होते का, कल्पना नाही. मी बसलो होतो.

मे 2015. मुलीकडे मेलबर्नला गेलो होतो. जावयांनी एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, हॉथॉर्न आणि सिडनी या क्लबांच्या सामन्याला नेलं. रात्रीची बोचरी थंडी, स्वेटरवर जावयांचं जाकीट, वर माझी कानटोपी. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. गोल झाला की खांबांमधला पंच दोन्ही हातांचं एकेक बोट पुढे करतो, एवढंच ध्यानात आलं होतं. पण 37 नंबरवाल्याच्या, म्हणजे गुड्सच्या, हाती चेंडू गेला रे गेला की स्टँडमधून 'बूऽऽ' उठायचं. म्हटलं, वानखेडेवर पाँटिंग आला की आपण करायचो तसलंच काहीतरी असेल. मीही दोनदा घसा मोकळा करून घेतला. जावई हळूच म्हणाले, "बाबा, तुम्ही नका ओरडू." का, ते परतीच्या ट्रेनमध्ये सांगितलं. 2013 मध्ये याच मैदानावर तेरा वर्षांच्या एका मुलीने त्याला 'एप' (वानर) म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी तोच सांगत होता, त्या पोरीला दोष देऊ नका. आणि पाच दिवसांनी त्या सामन्यातल्या प्रतिस्पर्धी कॉलिंगवूड क्लबचे अध्यक्ष रेडिओवर त्याच्यावरच किंग काँगचा, म्हणजे सिनेमातल्या त्या अजस्र वानराचा, विनोद करून मोकळे!

आता सांगा, ज्याला फ्री किक कशाशी खातात ते ठाऊक नाही, तो माझ्यासारखा म्हातारा गुड्सच्या कुठल्या 'पद्धती'वर चिडला होता? शेजारचे ओरडले म्हणून ओरडलो, झालं. आजही आठवलं की लाज वाटते. बाकीचे हजारो नियमपंडित नेमके एकाच नंबरवर कसे खवळले, हे लेखकमहाशयांनी सवडीने समजावून सांगावं.

आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ होणाऱ्या सर डग निकोल्स राउंडच्या रंगीत जर्सींचं कौतुक मात्र परिच्छेदभर. गुड्स 2015 मध्येच निवृत्त झाला, ही स्पर्धा चालवणाऱ्या लीगने माफी मागितली 2019 मध्ये. 2021 मध्ये हॉल ऑफ फेमचा मान देऊ केला, तो त्याने घेतला नाही. याला तुमच्या लेखात दोन ओळींची जागा नव्हती?

आणि 'आपल्याकडे असले प्रकार होत नाहीत' हे वाचून तर चहाचा कप खाली ठेवला. 2007 मध्ये वानखेडेवर सायमंड्सला पाहून माकडाचे आवाज काढणारे काय मेलबर्नहून आले होते?

जाता जाता, लेखासोबत तुम्ही गोल चेंडूचा फोटो छापला आहे. त्या खेळाचा चेंडू लांबट असतो. एवढं तर मलाही पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं.

आपला नियमित वाचक,
(नाव छापू नये)
डोंबिवली