कॅलिपर फेकण्याआधी निपल उघडायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

मुंबईत जुन्या गाड्या चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र.

ब्रेक लागून राहतोय, रिमला हात लावला तर चटका बसतोय, असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: कॅलिपर, म्हणजे चाकाच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, बदला. झेन-एस्टीमच्या वयाच्या गाडीला धड कॅलिपर मिळवायचा म्हणजे ऑपेरा हाऊस ते कुर्ल्याचा सीएसटी रोड अशी पायपीट. तुम्ही आधी निपलला, म्हणजे कॅलिपरवरच्या हवा काढायच्या स्क्रूला, पाना लावायला शिकवलंत. गाडी जॅकवर घ्यायची, चाक अडलेलं असतानाच निपल जरा सैल करायचा. ऑइल उडून चाक मोकळं झालं तर कॅलिपरचा दोष नाही. दाब मागे अडकतोय; कॅलिपरला ऑइल आणणारा होज पाइप आतून सुजलाय किंवा पेडलमागचा मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. चाक तरीही अडलेलंच राहिलं, तर पॅड ढकलणारा पिस्टन जाम, नाहीतर कॅलिपर जिच्यावर सरकतो ती गाइड पिन.

आतला पॅड पार झिजलाय आणि बाहेरचा जाड आहे, तर पहिला संशय पिनवर. इथली खारी हवा आणि जुलैतलं तुंबलेलं पाणी. पिनवरचा रबरी बूट एकदा फाटला की पिन गंजायला वेळ लागत नाही. पिनचं भोक साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावायचं. साधं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. ग्रीस जास्त कोंबलं तर पिन पूर्ण आत बसत नाही. आणि रबराची बाही असलेली पिन तिच्याच भोकात गेली पाहिजे.

सगळ्यात मोलाचं तुम्ही सांगितलंत ते सीलबद्दल. पिस्टन मागे ओढायला आत स्प्रिंग नसते. चौकोनी कापाचं ते रबरी सील पेडल दाबल्यावर पिस्टनबरोबर थोडं वाकतं, पेडल सोडल्यावर सरळ होतं आणि पिस्टनला तेवढंच मागे आणतं. सील कडक झालं की पॅड डिस्कला घासत राहतो. म्हणून पिस्टन चांगला असेल तर पूर्ण कॅलिपर न घेता नव्या सीलचं रबर किट पुरतं. सील जिथे टेकतं तिथे पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील, तर पॉलिश पेपर मारत बसायचं नाही. नवा पिस्टन घ्यायचा.

पिस्टन काढताना समोर लाकडी ठोकळा ठेवून पेडलच्याच दाबाने हळूहळू बाहेर आणायचा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर तो गोळीसारखा सुटतो, बोटं चिरडू शकतात. यावर तुम्ही दरवेळी ओरडता, ते बरोबरच आहे. सील बसतं ती खाच बांबूच्या काडीने साफ करायची, लोखंडी टोकाने नाही. रॉकेल, पेट्रोल, डिझेल रबराच्या जवळसुद्धा नको. नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवायचं.

कॅलिपर होजवर लोंबकळू न देता तारेने बांधायचा, होजच्या बोल्टला दोन्ही तांब्याचे वॉशर नवे घालायचे आणि किट दोन्ही चाकांना एकदमच टाकायचं. ऑइलमध्ये शिरलेली हवा निपलमधून काढून झाली की पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, मगच गाडी हलवायची. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. खंडाळ्याचा घाट उतरताना हा फरक पेडलखाली कळतो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं.

विचारायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही हे हातातलं काम थांबवून, उघडलेला कॅलिपर समोर धरून समजावलंत. मनापासून आभार, काका.

तुमचे ऋणी,
जुन्या गाड्यांचे आम्ही सगळे मालक