छडीला माळ

बर्लिन, १२ मे

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "जर्मनी एवढा शिकलेला देश, मग त्याला हिटलरचं वेड लागलं कसं?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. गेले पंधरा दिवस कामावर जाता-येता गाडीत हाइनरिश मान यांची 'डेअर उंटरटान' ही जर्मन कादंबरी वाचत होते, तिच्यात थोडं उत्तर सापडलं. प्रसिद्ध जर्मन कादंबरीकार थोमास मान यांचे हे थोरले भाऊ. कादंबरीच्या नावाचा अर्थ साधारण 'राजाचा ताबेदार'.

गोष्ट डीडरिश हेसलिंगची. लहानपणी हा हळवा, कशालाही भिणारा, कानदुखीने बेजार झालेला पोरगा. वडिलांचा कागदाचा कारखाना आणि हात मारायला सैल. मार खाऊन तो रडत कामगारांसमोरून जातो, ते हसतात, तेव्हा हा मनात म्हणतो : मला मारलं ते माझ्या पप्पांनी, तुमची तर तेवढीही लायकी नाही! हे वाचताना माझं स्टेशन मागे गेलं.

पुढे शाळा. वर्गशिक्षकांच्या वाढदिवसाला मुलं टेबल आणि फळा सजवतात. डीडरिश छडीलाही माळ गुंडाळतो. बाबा, तुमच्या कपाटावरची छडी आठवली. आम्ही तिला घाबरायचो, पण तिची पूजा करावी असं कुणाच्या मनात आलं नाही. आणि हाच पोरगा पुढे वर्गातल्या एकुलत्या एका ज्यू मुलाला लाकडी ठोकळ्यांच्या क्रुसापुढे गुडघे टेकायला लावतो. मागे सगळा वर्ग असतो, म्हणून एवढं बळ येतं.

तो बर्लिनला येतो, रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतो, विद्यार्थी संघटनेत बिअर आणि राष्ट्रभक्ती दोन्ही रिचवतो. फेब्रुवारी १८९२. उंटर डेन लिंडन रस्त्यावर बेकार माणसं भाकरी मागताहेत आणि कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, घोड्यावरून चाललाय. डीडरिश भान हरपून मागे धावतो, शेवटी त्याच्यासमोरच घसरून डबक्यात बसतो. कैसर हसतो. आणि हा चिखलातून, तोंडाचा आ वासून, भक्तिभावाने बघत राहतो. मग कैसरसारख्या टोकं वर वळवलेल्या मिशा येतात. गावी परतल्यावर 'राष्ट्र' हा शब्द त्याच्या धंद्याला आणि वैऱ्याला तुरुंगात धाडायलाही कामी येतो. १८४८ च्या लोकशाहीसाठीच्या क्रांतीत लढलेले गावातले म्हातारे बूक त्याच्यापुढे हरतात. त्यांचं हरणं मला फार लागलं.

हे पहिल्या महायुद्धाआधी लिहिलं गेलं, याचंच मला सारखं नवल वाटतं. १९१४ मध्ये कादंबरी क्रमशः छापली जात होती. ऑगस्टमध्ये युद्ध लागलं आणि ती थांबवली. जर्मनीत पुस्तक आलं १९१८ च्या अखेरीस, कैसर गेल्यावर.

परवा १० मे होता. १९३३ मध्ये याच तारखेला, हिटलरच्या नाझी राजवटीत, उंटर डेन लिंडनवरच्याच चौकात हाइनरिश मान यांची पुस्तकं जाळली. जाळायला पुढे होते विद्यार्थी, आणि विद्यापीठ समोरच आहे. आता त्याची आठवण म्हणून तिथे फरसबंदीत एक काच बसवलीय. संध्याकाळी मी तिथे गेले, वाकून पाहिलं. खाली पांढरी, रिकामी कपाटं. एकही पुस्तक नाही. शेजारी एक आजोबा नातवाला हळू आवाजात काहीतरी सांगत होते आणि तो काचेला नाक लावून बसला होता.

दिवाळीला येताना इंग्रजी भाषांतर आणते. शाळेचा भाग आधी वाचा, मग आपण बोलू. आईला सांगा, थंडी सरली, तिने विणलेला स्वेटर धुऊन ठेवलाय.

तुमची,
मेघा